वेगळ्या डब्यातला सिनेमा: पडद्यावर एकही गोरा का दिसत नाही?

दर दोन-चार महिन्यांनी फोनवर एक जुनी क्लिप फिरत येते. टेलकोट घातलेले दोन तरुण वाद्यवृंदाच्या मधोमध, वादकांच्या पुढ्यातल्या चौथऱ्यांवरून उड्या मारत टॅप डान्स (बुटांच्या टकटकीने ताल धरणारा नाच) करतात आणि शेवटी एका भल्याथोरल्या जिन्यावरून खाली उतरतात. उतरतात म्हणजे, मागचा पुढच्याच्या डोक्यावरून उडी घेतो आणि खालच्या पायरीवर दोन्ही पाय पसरून सपाट आपटतो. मग मागे राहिलेला त्याच्या डोक्यावरून. पायरीगणिक हेच. प्रत्येक वेळी हात न टेकता, जणू कुणी वरून दोरीने ओढल्यासारखे उभे राहतात. हे फेयार्ड आणि हॅरॉल्ड निकोलस, सख्खे भाऊ. चित्रपट ‘स्टॉर्मी वेदर’, साल १९४३.

माझ्या भाचीने ती क्लिप तीनदा पाहिली आणि विचारलं, “मामा, यात सगळेच कृष्णवर्णीय कसे? तेव्हा तर यांना बसमध्येसुद्धा पुढे बसू देत नव्हते ना?” मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र रास्त होता. ज्या देशात कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून सिनेमा पाहता येत नव्हता, त्या देशातल्या सर्वांत श्रीमंत स्टुडिओंनी नायकापासून वाटेवरच्या पोरापर्यंत सगळे कृष्णवर्णीय असलेले संगीतपट काढले कशासाठी?

आधी रेल्वेची गोष्ट

उत्तर सिनेमाच्या आधी, रेल्वेच्या डब्यात सुरू होतं. १८९२ साली लुइझियाना राज्यात होमर प्लेसी नावाचा माणूस मुद्दाम गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात जाऊन बसला. त्याला अटक झाली, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की डबे वेगळे असले तरी समान असतील तर कुणावर अन्याय होत नाही. ‘वेगळे पण समान’ हे सूत्र पुढे जवळजवळ साठ वर्षं शाळा, दवाखाने, पाणपोया, थिएटर सगळीकडे चाललं. वेगळे सगळं होतं, समान काहीच नव्हतं. याला ‘सेग्रेगेशन’ म्हणतात. वेगळी कपबशी आणि वेगळा पाणवठा ठाऊक असलेल्या आपल्या मुलखात या शब्दाचा अर्थ फार खोलात जाऊन सांगायला नको.

या कायद्यांचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव होतं ‘जिम क्रो’. हा कुणी पुढारी नव्हे. १८३०च्या सुमारास टॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून, लंगडत एक नाचगाणं करायचा. त्यातल्या पात्राचं हे नाव. म्हणजे माणसांना वेगळं पाडणाऱ्या कायद्याला नाव मिळालं ते एका गाण्यावरून. गाणंबजावणं आणि भेदभाव यांची अमेरिकेतली सोयरीक इतकी जुनी आहे.

सिनेमाची थिएटरंही याच नियमाने चालत. कृष्णवर्णीयांना वेगळं दार, वरची बाल्कनी. काही ठिकाणी फक्त मध्यरात्रीचे खेळ. त्यांच्यासाठी, बऱ्याचदा त्यांनीच, तुटपुंज्या पैशांत काढलेल्या चित्रपटांची एक समांतर दुनिया होती. ऑस्कर मिशो हा तिचा सर्वांत चिवट दिग्दर्शक. त्या दुनियेत १९३७ साली हर्ब जेफ्रीजसारखा घोड्यावर बसून गाणारा कृष्णवर्णीय काउबॉयसुद्धा होता. गायिका-नटी लीना हॉर्नचा पहिला संगीतपट, १९३८चा, तिथलाच. पण आपला प्रश्न मोठ्या स्टुडिओंचा आहे, म्हणून या वाटेने फार पुढे जात नाही.

संगीतपटच का? आणि सगळेच कृष्णवर्णीय का?

याची दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं सवयीचं. तोंडाला काळं फासून केलेल्या तमाशांनी गोऱ्या प्रेक्षकाला शंभर वर्षं एक गोष्ट शिकवली होती: कृष्णवर्णीय माणूस म्हणजे गाणारा, नाचणारा, हसवणारा. वकील, डॉक्टर किंवा संतापलेला बाप म्हणून त्याला पाहायची तयारी नव्हती. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला कॉटन क्लब हा याचा कळस. रंगमंचावर ड्यूक एलिंग्टन, कॅब कॅलोवे, एथेल वॉटर्स. खुर्च्यांवर फक्त गोरे. लावणीला दौलतजादा करायचा आणि लावणी करणारीला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, तसलाच हा मामला.

दुसरं कारण कागदावरचं. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये ‘प्रॉडक्शन कोड’ नावाची नियमावली सक्तीने लागू झाली. सिनेउद्योगाने स्वतःवरच घालून घेतलेली ही सेन्सॉरशिप. पडद्यावर काय दाखवायचं नाही याची तिच्यात यादी होती, आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींमधले प्रेमसंबंध त्या यादीत होते.

आता जरा निर्मात्याच्या खुर्चीत बसून पाहा. संगीतपट म्हणजे प्रेमकथा. ती आणि तो, रुसवा आणि गाणं. तुमच्याकडे एक अप्रतिम कृष्णवर्णीय गायिका आहे. तिला नायिका केलं तर नायक गोरा चालणार नाही. नायक कृष्णवर्णीय घेतला तर त्याचा मित्र, प्रतिस्पर्धी, मालक, शेजारी कोण? एक जरी गोरा खलनायक आणला तरी गोष्टीत वर्णसंघर्ष शिरला आणि दक्षिणेकडच्या राज्यांतली थिएटरं हातची गेली. मग सोपा उपाय: सगळेच कृष्णवर्णीय. गावही त्यांचं, पोलीसही तेच, देवदूतही तेच. पडद्यावर एक अख्खं जग उभं करायचं आणि त्यातून गोरा माणूस पुसून टाकायचा, म्हणजे त्याला कुणी जाबही विचारणार नाही.

म्हणून हे चित्रपट भेदभाव असूनही निघाले असं म्हणण्यापेक्षा भेदभावाच्या नियमात बसवून निघाले असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. हा प्लेसीचाच डबा, फक्त वेलबुट्टी काढून सजवलेला.

बोलपट आल्यावर लगेचच, १९२९ मध्ये, असे दोन चित्रपट आले. त्यातला दिग्दर्शक किंग विडॉरचा ‘हॅलेलुया’ एमजीएम या बड्या स्टुडिओने काढला. स्टुडिओ तयार होईना म्हणून विडॉरने स्वतःचं मानधनही पणाला लावलं. न्यूयॉर्कमध्ये तो एकाच वेळी दोन थिएटरांत लागला, एक ब्रॉडवेवर आणि एक हार्लेममध्ये. कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी चित्रपट आपल्या वस्तीतच पाहावा, हे त्यामागचं गणित. नायिका निना मे मॅककिनीचं कौतुक झालं, तिला स्टुडिओचा करार मिळाला. साजेशा भूमिका मिळाल्या नाहीत, आणि ती युरोपात गेली.

१९४३: एकाच वर्षात दोन

नंतर बराच काळ या आघाडीवर तुरळकच काही घडलं, आणि १९४३ मध्ये दोन मोठे संगीतपट पाठोपाठ आले. एमजीएमचा ‘केबिन इन द स्काय’ आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा ‘स्टॉर्मी वेदर’. स्टुडिओंना एकाएकी पाझर फुटला नव्हता. मध्ये युद्ध आलं होतं.

अमेरिका हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढत होती आणि तिच्या स्वतःच्या सैन्यात कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या होत्या. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४२ मध्ये ‘डबल व्ही’ची हाक दिली: एक विजय परदेशातल्या शत्रूवर, दुसरा घरातल्या भेदभावावर. सरकारच्या युद्धमाहिती खात्याला या लोकांची नाराजी परवडणारी नव्हती. त्याच वर्षी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा वॉल्टर व्हाइट आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला वेंडेल विल्की हॉलिवूडला जाऊन स्टुडिओप्रमुखांना भेटले. मोलकरणी आणि विदूषक यांच्यापलीकडच्या भूमिका द्या, ही मागणी.

या दोन्ही चित्रपटांत लीना हॉर्न आहे. एमजीएमशी करार होताना तिचे वडील स्टुडिओप्रमुख लुई मेयरसमोर बसले आणि म्हणाले की माझ्या मुलीसाठी मोलकरीण ठेवायची ऐपत माझ्यात आहे, तिने पडद्यावर मोलकरीण व्हायचं कारण नाही. हॉर्न हा किस्सा सांगायची.

‘केबिन’ हा विन्सेंट मिनेलीने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. जुगारी नवरा, देवभोळी बायको, आणि त्याच्या आत्म्यासाठी देवाची व सैतानाची माणसं करत असलेली ओढाताण. बायको झालेली एथेल वॉटर्स गाऊ लागली की बाकी सगळं विसरायला होतं. वादळाच्या दृश्यात वापरलेलं चित्रीकरण ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधलं उरलेलं आहे. डबा वेगळा म्हटल्यावर सामानही जुनंच.

‘स्टॉर्मी वेदर’ला कथा नावापुरतीच आहे. साधारण सव्वा तासात वीसेक गाणी-नाच. पासष्टीचा टॅप नर्तक बिल रॉबिन्सन नायक आणि पंचविशीची हॉर्न नायिका. या जोडीवर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागतं. पण फॅट्स वॉलर पियानोवर बसून भुवई उडवतो (त्याच डिसेंबरात तो गेला, वय अवघं ३९), कॅथरीन डनहॅमचा नृत्यसंच पावसातून स्वप्नात शिरतो, कॅब कॅलोवे ढगळ पांढऱ्या सुटात वाद्यवृंद हाकतो आणि मग तो जिना. नृत्यदिग्दर्शक निक कॅसलने भावांना तालीम न करता थेट कॅमेऱ्यासमोर करा असं सांगितलं आणि एका टेकमध्ये ते झालं, असं फेयार्ड सांगायचा. पडद्यावर आजवर आलेला हा सर्वोत्तम नाच, अशी पावती हॉलिवूडचा नामांकित नर्तक-नट फ्रेड अस्टेअरने दिल्याचंही सांगतात.

गंमत, किंवा गंमत नाहीच, अशी की याच चित्रपटात दोन कृष्णवर्णीय विनोदवीर तोंडाला काळं फासून प्रवेश करतात. राइसचा जिम क्रो शंभर वर्षांनीही विंगेत उभाच होता. चित्रपट लागला जुलैत. त्याच्या महिनाभर आधी डेट्रॉइट शहरातल्या वांशिक दंगलीत ३४ माणसं मेली होती.

“पण कामं तर मिळाली ना?”

हा आक्षेप हमखास येतो आणि तो फुटकळ नाही. तेव्हाच्या कित्येक कृष्णवर्णीय कलावंतांचंही हेच म्हणणं होतं. पडद्यावर मोलकरणी रंगवून १९४० मध्ये ऑस्कर मिळवणारी हॅटी मॅकडॅनिएल आणि तिच्या पिढीचे नट एनएएसीपीवर चिडले होते. तुम्ही मोलकरणी बंद करा म्हणता, त्या बंद झाल्यावर आमच्या चुली तुम्ही पेटवणार का, असा त्यांचा रोख. त्याच मॅकडॅनिएलला ऑस्करच्या समारंभात सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं, हेही लक्षात घ्यावं.

मात्र कामं मिळाली म्हणजे दार उघडलं असं नव्हे. सर्व-कृष्णवर्णीय संगीतपट संपला की त्या कलावंताचं काय व्हायचं, ते हॉर्नच्या उदाहरणात दिसतं. एमजीएमच्या इतर रंगीत, भव्य संगीतपटांत तिला एखाददुसरं गाणं मिळे. खांबाला टेकून, झगमगीत पोशाखात, एकटी. कुणाशी संवाद नाही, कथेशी धागा नाही. का? दक्षिणेत पाठवायच्या प्रतीतून तेवढा तुकडा कापला तरी गोष्टीचं काही बिघडू नये म्हणून. जंक्शनवर मधला डबा सोडून उरलेली गाडी पुढे काढावी, तशी ही सोय. मेम्फिस शहराचा सेन्सॉरप्रमुख लॉइड बिनफर्ड हॉर्नला कात्री लावण्यासाठी कुप्रसिद्ध होता. १९४७ मध्ये त्याने एका चित्रपटावर बंदी घातली ती गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एका शाळेत एकत्र दाखवली म्हणून.

‘शो बोट’ या संगीतपटात मिश्रवर्णीय ज्युलीची भूमिका आहे. हॉर्नने १९४६च्या एका चित्रपटातल्या छोट्या तुकड्यात ती करून दाखवली होती. १९५१ मध्ये एमजीएमने पूर्ण चित्रपट काढला तेव्हा भूमिका दिली गोऱ्या अ‍ॅव्हा गार्डनरला. आवाजही गार्डनरचा नाही, तिसऱ्याच गायिकेचा.

गायकांनाच उसना आवाज

उसन्या आवाजाचं आपल्याला काय नवल. नट ओठ हलवतो, गातं दुसरंच कुणी, यावर आपला अख्खा सिनेमा उभा आहे. पण १९५४च्या ‘कारमेन जोन्स’मधला प्रकार आपल्यालाही चक्रावून टाकेल असा आहे.

बिझे या फ्रेंच संगीतकाराचा १८७५चा ‘कारमेन’ हा ऑपेरा. म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखं गाण्यातून चालणारं नाटक, फक्त संवादही बहुतेक गाऊनच. ऑस्कर हॅमरस्टीनने चाली त्याच ठेवून गोष्ट युद्धकाळातल्या अमेरिकेत आणली: स्पेनमधल्या विडीच्या कारखान्याऐवजी पॅराशूटचा कारखाना, बैलांशी झुंजणाऱ्याऐवजी मुष्टियोद्धा. ऑटो प्रेमिंजरने त्याचा चित्रपट केला. कारमेन झाली डोरोथी डँड्रिज, ‘जो’ नावाचा सैनिक झाला हॅरी बेलाफॉन्टे.

दोघेही पट्टीचे गायक. बेलाफॉन्टेचे कॅलिप्सो (कॅरिबियन बेटांवरच्या ढंगाची गाणी) दोनच वर्षांत घरोघरी वाजू लागणार होते. तरी दोघांनाही गाऊ दिलं नाही, कारण ऑपेराला तसा तयार केलेला आवाज लागतो. डँड्रिजसाठी गायली विशीतली मॅरिलिन हॉर्न. ती गोरी, आणि लीनाशी तिचं नातं फक्त आडनावापुरतं. आपल्याकडे १९५८च्या ‘रागिनी’मध्ये पडद्यावर खुद्द किशोरकुमार आहे आणि रागदारीवरचं गाणं मात्र रफीच्या आवाजात, ओ. पी. नय्यरने तेव्हा केलेला विचार याच जातीचा. फरक इतकाच की किशोरकुमारला उद्या दुसऱ्या चित्रपटात स्वतःच्या गळ्याने गायला मिळणार होतं.

डँड्रिज मात्र आवाज काढून घेतल्यावरही उरते. चालण्यात, मान वेळावण्यात, पीच खाण्यात. प्रेमिंजरला ती या भूमिकेसाठी फार सोज्वळ वाटली होती. ती कारमेनचा पोशाख आणि तोरा करून त्याच्या ऑफिसात गेली आणि भूमिका घेऊन आली. सर्वोत्तम अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन. पुरस्कार ग्रेस केलीला गेला. (निकोलस बंधूंमधला हॅरॉल्ड हा डँड्रिजचा आधीचा नवरा. हे जग किती लहानशा डब्यात कोंबलेलं होतं ते यावरून कळावं.)

मग हे चित्रपट वाईट होते का?

लेखक जेम्स बॉल्डविनने १९५५ मध्ये ‘कारमेन जोन्स’ची सालटी काढली. पडद्यावर सगळेच कृष्णवर्णीय ठेवल्यामुळे गोष्ट बंद बरणीत सापडते आणि तिच्यातला धोका निघून जातो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. ते खरंच आहे. त्या काळच्या कृष्णवर्णीय पलटणींवर बहुधा गोरे अधिकारी असत. चित्रपटात लष्करी छावणी आहे, पण गोऱ्याचं नखही दिसत नाही. सैनिक ‘जो’ पळतो तो आपल्याच रंगाच्या सार्जंटला मारून; गोऱ्यांच्या व्यवस्थेशी त्याची गाठ पडतच नाही.

भाषेचं तर विचारूच नका. हॅमरस्टीनने गाण्यांत ‘कृष्णवर्णीय बोली’ म्हणून जे लिहिलं ते मोडकं इंग्रजी. शहरात बसून मालिका लिहिणारा ‘ण’चा ‘न’ करून गावाकडचं मराठी लिहितो, जे कोल्हापूरचंही नसतं आणि परभणीचंही, तसंच. आणि ही भाषा बोलणाऱ्या पात्रांच्या तोंडी ऑपेराचे घोटीव आवाज!

माझं मत विचाराल तर चौकट खोटी आहे, चौकटीतलं काम खोटं नाही. निकोलस बंधूंच्या पायात कुणी लिहिलेली बोली नव्हती. वॉटर्सला कसं गायचं ते एमजीएमने शिकवलं नव्हतं. म्हणूनच बाकीची कथा कापून फक्त तो जिना फोनवर फिरतो तेव्हा मला थोडं बरं वाटतं आणि थोडं खटकतं. कापता येण्याजोगा तुकडा करून ठेवायचा, हाच तर मुळातला डाव होता.

हे संगीत वेगळ्या वाटेने मुंबईपर्यंत आलं होतं. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजत होता. त्या आवाजाने वेडावलेल्या गोवेकर वादकांमधला हळदोण्याचा आंतोनियु वाझ पुढे चिक चॉकलेट झाला. अमेरिकेतल्या विख्यात जॅझ ट्रम्पेटवादकावरून मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत त्याला. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) भगवानदादांच्या मागे वाजतो तो ट्रम्पेट त्याचा.

डबा निघाला कधी?

मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांपुरतं ‘वेगळे पण समान’ हे सूत्र मोडीत काढलं. ‘कारमेन जोन्स’ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लागला. कायद्याने नाकारलेली गोष्ट पडद्यावर मात्र रुंद पडद्याच्या सिनेमास्कोपमध्ये, झगमगाटात चालू होती. पुढच्या वर्षाअखेर दक्षिणेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वेगळ्या आसनांविरुद्ध बस-बहिष्कार सुरू केला.

म्हणून सॅम्युएल गोल्डविनने १९५९ मध्ये संगीतकार जॉर्ज गेर्श्विनच्या १९३५च्या ऑपेरावरून ‘पोर्गी अँड बेस’ काढला तेव्हा काळ उलटला होता. भिकारी, जुगारी आणि गर्दुल्ले यांची वस्ती. बेलाफॉन्टेने भूमिका नाकारली, सिडनी पॉटिए नाइलाजाने तयार झाला. चित्रीकरणाआधी सेट आगीत जळाला, दिग्दर्शक बदलून पुन्हा प्रेमिंजर आला. पॉटिए आणि डँड्रिज दोघांचेही गाण्यातले आवाज उसने. त्यानंतर मोठ्या स्टुडिओंनी हा प्रकार कित्येक वर्षं हातात घेतला नाही.

“मग मिश्र चित्रपट आल्यावर सगळं सुरळीत झालं असेल?” नाही. १९५६ मध्ये कोडमधला तो प्रेमाचा नियम निघाला. १९५७च्या ‘आयलंड इन द सन’मध्ये डँड्रिज आणि बेलाफॉन्टे दोघांनाही गोरे जोडीदार मिळाले. दोन्ही जोड्यांना चुंबनाची मुभा नव्हती. नामांकनानंतर डँड्रिजला मनाजोगी कामं जवळजवळ मिळालीच नाहीत. १९६५ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, ती गेली. २००२ मध्ये सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर घेताना हॅली बेरीने हॉर्न आणि डँड्रिज या दोघींचीही नावं घेतली. असा पुरस्कार मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री.

पाहायचेच तर

सुरुवात ‘स्टॉर्मी वेदर’ने करा. कथा कळली नाही तरी चालेल, पण क्लिपपुरतं न पाहता पहिल्यापासून पाहा. जिना अगदी शेवटी आहे. ‘कारमेन जोन्स’ आवाज बंद करून दहा मिनिटं पाहून बघा, डँड्रिज काय करते ते तेव्हा नीट दिसतं. ‘पोर्गी अँड बेस’ मात्र हक्कांच्या गुंत्यात अडकल्यामुळे सहजासहजी मिळत नाही. भाचीला मी सध्या ‘केबिन’ दिला आहे. वादळाचं दृश्य कुठून उचललंय ते तिने माझ्याआधी ओळखलं.